हौशी खेळाडूची म्हैस

विश्रामबाग, सांगली.
संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सन १९७५.

तीर्थरूप लालादादा यांच्या पायांवर धाकटा भाऊ आकाराम याचं डोकं. (पत्रात एवढं जमतं. समोर असलो की तू पाया पडूच देत नव्हतास, वाकलो की पाठीत धपाटा घालायचास.)

इकडं सगळी बरी आहेत, आणि जी बरी नाहीत ती सांगत नाहीत, तेव्हा तूही बरा असशील असं धरून चालतो. आमच्या मराठीच्या सरांनी वडीलधाऱ्यांना पत्रात 'आपण' लिहायला शिकवलंय, पण तुला 'आपण' म्हणलं की मला तहसीलदाराला अर्ज करतोय असं वाटायला लागतं. चुलतभाऊ असलास तरी एका ताटात जेवलोय आपण, तेव्हा 'तू'च लिहितो, राग मानू नकोस. बा कारखान्याच्या ऊसतोड टोळीची वाट बघतोय. उसाला तुरा आला, टोळी काय येत नाही, आणि बा सगळ्यांचा राग माझ्या आईवर काढतोय. आई तो राग भाकरीवर काढती, म्हणून भाकरी लय पातळ आणि सुरेख व्हायला लागलीय. थोरली आई, म्हणजे तुझी आई, ठणठणीत आहे. संध्याकाळची गाडी किर्लोस्करवाडीला थांबून गेली की ती सूप घेऊन ओट्यावर येऊन बसते. आपला तोच उंच ओटा, ज्याच्या पायऱ्या तू कधी उतरला नाहीस, वरनं थेट उडीच टाकायचास. कुणी विचारलं तर म्हणते, तांदूळ निवडायला इथं उजेड असतो. तांदूळ निवडून होतात, उजेडही जातो, स्टेशनाकडनं येणारी माणसं आपापल्या घरी जातात, तरी ती बसलेली असते.

दादा, एकाहत्तरच्या लढाईनंतर तुझं कार्ड आलं होतं, पायाला किरकोळ लागलंय, काळजी नसावी. त्यानंतर तू जबलपूरला फौजेच्या स्टोअरला बदलून गेलास, आणि तेव्हापासनं प्रत्येक कार्डात रजा मंजूर नाही. तिसरी संक्रांत निघाली. एवढं कसलं सरकार म्हणायचं हे, की ज्याला एका माणसाला आठ दिवस घरी सोडवत नाही? मागच्या कार्डात तू विचारलंस, फुटबॉल कसा चाललाय. त्याचं उत्तर मी मुद्दामच दिलं नव्हतं, कारण ते मी तोंडी देणार होतो. यंदा आंतरविद्यापीठ सामने जबलपूरला आहेत. विद्यापीठाच्या संघात माझं नाव लागलं की फुकटात रेल्वे, फुकटात जबलपूर, आणि तुझ्या स्टोअरच्या दारात उभा राहून म्हणणार होतो, रजा मिळत नसंल तर राहू दे, घर हिकडं आणलंय. सहा महिने मी दुसऱ्या कशासाठी खेळलो नाही. बी.ए.चा अभ्यास तर नाहीच नाही. पण म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर म्हणतात तसं झालं, आणि आमच्या बाबतीत खरोखरची म्हैस मध्ये आली. ते सगळं सविस्तर लिहितो. ड्यूटी संपल्यावर वाच.

तुला आपलं गुऱ्हाळाशेजारचं पड रान आठवतं का? मला झोपेतसुद्धा दिसतं. तू पहिल्या रजेला आलास तेव्हा ट्रंकेत आमच्यासाठी बिस्किटं असतील म्हणून आम्ही पोरं गोळा झालो, आणि तू काढलास तो कातड्याचा फुटबॉल, वर नाडी बांधलेला. (कोंडीबाआज्याला तो कलिंगडाचा प्रकार वाटला होता. चिरू का म्हणून विळा घेऊन आला होता.) बाभळीच्या चार फाट्या रोवून तू गोल केलेस, आम्हाला अनवाणी पळवलंस, आणि जिंकेल त्या बाजूला गुऱ्हाळातला गरम गूळ कबूल केलास. काहिलीच्या काठाचा तो लालबुंद गूळ उसाच्या कांडक्यावर गुंडाळून मिळायचा, आणि तोंड भाजलं तरी कुणी थांबत नव्हतं. हरलेल्यांनाही शेवटी मिळायचाच, कारण गुळव्या आपला आणि तूही आपलाच. एकदा माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, मी रडत घरी निघालो, तेव्हा तू मला बखोटीला धरून दोन फाट्यांच्या मध्ये उभा केलास. म्हणालास, "पाय दुखतोय तर गोलमधी हुबा ऱ्हा. गोलकीपरला पाय न्हाई, डोळं लागत्यात. पर खेळ सोडून घरला जायाचं न्हाई, गड्या." त्या दिवशी मी एकही गोल अडवला नाही, पण घरी गेलो नाही. दादा, त्या रानाची लय आठवण येते. इथं मैदान आहे, चुन्याच्या रेघा आहेत, गोलला जाळी आहे, अंगात आकडेवाली बंडी आहे, आणि तरी बॉल पायात आला की मी मान वळवून तू कुठं आहेस ते बघतो.

आता कॉलेजचं. आमच्या जिमखान्याचे सर मोठे तत्त्वाचे आहेत. खेळाडू हा हौशी असला पाहिजे, म्हणजे खेळण्यासाठी त्यानं कुणाकडून काही घेता कामा नये, घेतलं की तो धंदेवाईक झाला, आणि धंदेवाईकाला विद्यापीठ खेळू देत नाही. हा नियम ते आम्हाला दर सोमवारी ऐकवायचे आणि ऐकवताना त्यांचे डोळे भरून यायचे. (त्यांचे बूट आमच्यापेक्षा फाटके होते, त्यामुळं आम्हीही काही बोलत नव्हतो.) आमच्या समोरच्या कॉलेजचा सेंटर फॉरवर्ड मात्र कुठल्याशा कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. काटा गेटाच्या डावीकडं आहे की उजवीकडं, हे त्याला ठाऊक नाही, पण पगार वेळेवर घरपोच येतो. तो हौशी. त्याच्याजवळ तसं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आहे. सर म्हणायचे, हे असंच चाललं तर दहा-वीस वर्षांनी कॉलेजात खेळायला पोरगा येणार नाही, भाव करायला येईल. आम्ही मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, आधी बूट तरी येऊ द्यात.

अशातच नानासो आले. नानासो म्हणजे आमच्या कॉलेजच्या कमिटीतले सगळ्यात वडीलधारे गृहस्थ. सत्तरी उलटलेली, मोठे बागायतदार, पांढरा फेटा, आवाज असा की शेजारच्या वर्गातला तास थांबावा. त्यांनी उभ्या जन्मात फुटबॉल बघितला नव्हता. त्यांचा खेळ एकच, कुस्ती. तरुणपणापासनं त्यांनी पैलवान पाळले. ('पाळले' हा त्यांचाच शब्द आहे आणि त्यात कमीपणा नाही. ज्याला पाळला त्याला घरच्या लेकराच्या आधी दूध मिळायचं.) एकदा ते सहज मैदानावरून चालले होते, आम्हाला पळताना बघून उभे राहिले आणि सरांना विचारलं, पोरांना खुराक काय देता. सरांनी अभिमानानं सांगितलं, मध्यंतराला लिंबाची फोड देतो. नानासो तिथंच बाकावर बसले. म्हणाले, "लिंबू? आवं सर, लिंबू आमी नजर उतराया वापरतो. ही एवढी पोरं लिंबावर पळत्यात व्हय?"

सरांनी त्यांना हौशीपणाचा नियम समजावून सांगितला, पैसा चालत नाही म्हणाले. नानासोंना उलट बरं वाटलं. पैसा कोण देतोय, ते म्हणाले, पैलवानाच्या हातात पैसा दिला की पैलवान बिघडतो, तालमीचा दंडकच आहे तो, मी दूध देतो. सरांनी नियमांचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. त्यात प्रवासखर्च होता, बक्षिसाचा कप होता, पण दूध कुठं नव्हतं. दोन दिवसांनी होस्टेलच्या मागं पिंपरणीखाली एक काळीभोर म्हैस बांधलेली दिसली. नानासोंनी तिचं नाव बिजली ठेवलेलं होतं. मी इतकी सावकाश चालणारी म्हैस दुसरी पाहिली नाही.

मग सुरू झाला खुराक. पहाटे नानासोंच्या तालमीत दंड-बैठका, वर बदामाची थंडाई, दुपारी जेवणात वाटीभर तूप, संध्याकाळी शेर शेर दूध. नानासो स्वतः समोर बसून तांब्या रिकामा झाला का बघायचे. आठ-पंधरा दिवसांत आमच्या छात्या भरल्या, माना आत गेल्या, बंड्या शिवणीवर उसवल्या. उंब्रजचा दादासो आमचा कप्तान. पूर्वी तो डाव्या अंगानं असा सुटायचा की पकडणारा बंडीच्या टोकाला हात लावून परत यायचा. आता तो बॉल आला की आधी मांडीवर थाप मारायचा, आणि तेवढ्यात बॉल निघून जायचा. एका संध्याकाळी सरावात बॉल मैदानाबाहेर रस्त्यापलीकडं गेला, आणि आम्ही अकराजण एकमेकांकडं बघत उभे राहिलो, आणायला कोणी जाईना. शेवटी सरच गेले. फक्त आमचा गोलकीपर धुळा तेवढा जसाच्या तसा हडकुळा राहिला. तो जतकडचा, मेंढरांमागं वाढलेला. त्याला म्हशीचं दूध पचत नव्हतं, तो नानासोंची नजर चुकवून आपला तांब्या दादासोला द्यायचा. दादासोच्या तब्येतीचं अर्धं श्रेय धुळ्याला आहे.

म्हशीची धार मात्र माझ्याकडं आली. बाकीची पोरं जवळ गेली की ती लाथ झाडायची, आणि माझा आवाज ऐकला की पान्हा सोडायची. तू शिकवलं होतंस ना, धार काढताना म्हशीशी बोलत राहायचं. मी काय बोलणार? मी तिला रोज तुझ्याच गोष्टी सांगायचो. आपल्या कुंडलचं रान, गुऱ्हाळ, तू मारलेला तो गोल जो थेट विहिरीत गेला, आणि मग जबलपूर. जबलपूरला गेल्यावर आधी काय बोलणार, मग काय बोलणार, तू रागावलास तर काय बोलणार. पोरं हसायची. बिजली नीट ऐकून घ्यायची. तिच्याएवढं जबलपूर मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरात निवडीचा सामना झाला. विद्यापीठाच्या समितीचे साहेब खुर्च्यांवर, समोर ते वजनकाट्याचं कॉलेज, आणि आम्ही भरल्या पोटानं उभे. तेवढ्यात वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी हलगी वाजली. नानासो आले होते, बरोबर त्यांची सगळी जुनी मंडळी, सगळ्यांना फेटे, कडेला गुलालाची पाटी. त्यांना वाटलं मैदान आहे म्हणजे कुस्त्यांचं मैदान. पहिला अर्धा तास आम्ही नुसते पळणाऱ्यांच्या वाटेत उभे राहत होतो, पण त्याचाही उपयोग झाला, कारण आमच्यावर आपटून त्यांची दोन पोरं बसली. मध्यंतरानंतर दादासोनं एकदाचा बॉल मला दिला. मी मान वळवली, तू नव्हतास, म्हणून मग सरळ गोलकडं गेलो आणि घातला. चांगला घातला, दादा. डाव्या पायानं. तू असतास तर धपाटा घातला असतास.

आता कुस्तीची रीत तुला माहीत आहे. पैलवान चितपट करून उठला की वस्ताद आखाड्यात उतरतो, फेटा बांधतो, आणि त्याला मैदानाभोवती फिरवतात. नानासो उतरले. त्यांच्या मागनं हलगी उतरली. माझ्या डोक्याला फेटा बांधायला सुरुवात झाली, आणि नानासो फेटा बांधतात तो घाईनं बांधत नाहीत, एकेक पीळ बघून बांधतात. पंच धावत आले आणि मैदान मोकळं करा म्हणून हात करू लागले. मंडळींना वाटलं आखाड्याचे पंच आहेत, त्यांचा मान राहिलाच की, म्हणून त्यांनी पंचांनाही धरून फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. पंचांनी त्याच अवतारात शिट्टी मारली. हलगीत ती आम्हाला ऐकू आली नाही, समोरच्यांना आली. आमचा धुळा गोलमध्ये खांबाला टेकून फेट्याचा तुरा बघत होता. त्याच्या शेजारनं बॉल जाळीत गेला तेव्हा त्यानं बाजूला होऊन वाट दिली म्हणतात. पण नंतर त्यानं भीड चेपल्यासारखं जे काय अडवायला सुरुवात केली, ते बघून साहेब खुर्चीवरनं उठले. एकास एकवर सामना संपला, आणि सरांनी लांबनंच मला बोटांनी खूण केली की तुझं नाव लागलं. मी त्या क्षणी जबलपूरला पोचलो होतो. खरं सांगतो, मला स्टेशनसुद्धा दिसलं.

आणि मागनं बिजली आली. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात झेंडूची माळ. नानासोंनी भोंगा मागून घेतला आणि भर मैदानात पुकारा केला, कुंडलच्या आकारामला ही म्हैस इनाम. तिचा कासरा माझ्या हातात दिला. समोर समितीचे साहेब बसलेले. सर खाली मान घालून उभे. दादा, मला कळत होतं रे. पण आखाड्यात वस्तादानं दिलेलं इनाम खाली टाकता येतं का? आपल्या सात पिढ्यांत कुणी टाकलंय का? म्हाताऱ्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मी कासरा कपाळाला लावला. तिथं मी धंदेवाईक झालो.

संध्याकाळी जिमखान्याच्या खोलीत चौकशी झाली. साहेब माणूस भला. त्यांना मला वाचवायचं होतं. ते म्हणाले, म्हैस परत देऊन टाक, उद्या सकाळी मी निघायच्या आत, म्हणजे विषय मिटला. तसं एक ठरलेलं विचारावं लागतं म्हणून विचारतो, याआधी खेळण्यासाठी कधी कुणाकडून काही घेतलंस का, नाही म्हण म्हणजे लिहून घेतो. मी नाही म्हणणारच होतो. पण तू सांगितलेलं आठवलं, मैदानावरच्या गोष्टीत खोटं बोलायचं नाही. मी म्हणालो, घेतलाय साहेब, गूळ. कुणाकडून, तर माझ्या दादाकडून. किती वर्षं, तर कळतं तेव्हापासनं. गरम असायचा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी बराच वेळ गुऱ्हाळाचं विचारलं, गुळव्याचं विचारलं, तू कुठं असतोस ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, गूळ मी लिहीत नाही, पण म्हैस मला दिसली आहे, ती उद्या इथं दिसता कामा नये.

मी त्याच संध्याकाळी बिजलीला घेऊन नानासोंकडं गेलो. वाटत होतं म्हातारा चिडेल. चिडले नाहीत. तालमीच्या दारात बसले होते. आतली माती उकरून सारखी केलेली, तेल-ताक घालून मळलेली, आणि त्यावर एकाही पायाचा ठसा नाही. म्हणाले, "माझ्या तालमीत आता कोण येत न्हाई रं. पोरं नोकरीला गेली, शाळंला गेली. तुमी दंड मोजाया लागला, तवा रस्त्यानं जाताना कानाला बरं वाटलं. मी काय चुकीचं केलं आसंल तर तुमच्या सायबाला सांग, म्हातारा आडाणी हाय." मग स्वतः उठून बिजलीला गोठ्यात बांधलं आणि मला म्हणाले, जा, तुझ्या दादाला भेट. मी त्यांच्या पाया पडलो आणि होस्टेलवर येऊन ट्रंक भरली.

सकाळी साहेबांची जीप होस्टेलच्या फाटकात उभी होती. सरांच्या हातात खेळाडूंची यादी, त्यात माझं नाव. आणि विश्रामबागच्या रस्त्यानं, दावं तोडून, गळ्यात कालचीच माळ घेऊन बिजली येत होती. जन्मात पहिल्यांदा ती पळत होती. धारेची वेळ झाली होती, आणि नानासोंच्या गड्याला तिनं दूध दिलं नव्हतं. ती जीपला वळसा घालून सरळ माझ्यासमोर आली आणि हंबरली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी परत केली होती साहेब, एवढंच मी म्हणालो. ते म्हणाले, मला कळतं रे बाळ, पण हे सगळे बघतायत. खरंच, समोरच्या कॉलेजची पोरंही आली होती, तो वजनकाट्याचा कारकूनही होता, आणि तोच सगळ्यात मोठ्यानं नियम सांगत होता. माझं नाव कापलं. मला लय राग आला, पण कुणावर काढायचा? म्हशीला हौशी आणि धंदेवाईक यातलं काय कळणार. तिला हाक ओळखीची वाटली, ती आली.

तेव्हापासनं मी कॉलेजच्या संघात नाही. सर वर्गात माझ्याकडं बघायचं टाळतात. नानासो म्हणाले, आता धंदेवाईक झालाच आहेस तर म्हैस तरी घेऊन जा, म्हणून नाताळच्या सुट्टीत मी बिजलीला ट्रकात घालून कुंडलला पोचवली. सामना चालू असला की मी रेघेबाहेर उभा राहतो आणि बॉल बाहेर आला की आत टाकतो. एवढं चालतं, विचारून घेतलंय. उभ्या उभ्या मी विचार करतो, सर म्हणतात तसं पुढं सगळे पगारी झाले तर होऊ देत, घाम गाळणाऱ्याला कुणीतरी दूध दिलंच पाहिजे, नानासोंचं काही चुकलं नाही. पण जिंकल्यावर गूळ देणाराच मैदानात नसंल, तर मग पगार घेऊन तरी कुणासाठी खेळायचं?

तर फुटबॉल असा चाललाय. बा आणि आई तुला आशीर्वाद सांगतात. थोरल्या आईनं विचारलं होतं, पत्रात काय लिहितोस. मी म्हणालो, फुटबॉलचं. ती म्हणाली, एवढंच लिही, दुसरं काय लिहू नको. तिचं ऐकून इथंच थांबतो. जेवत जा, थंडीचं जपत जा.

तुझ्या हातचा धपाटा खायला आसुसलेला,
आकाराम

ता. क. हे पत्र टपालानं येणार नाही. संघात माझ्या शेजारी नाव होतं ते धुळ्याचं, आणि ते राहिलं. तो जबलपूरला येतोय. त्याच्याबरोबर तिळगूळ पाठवलाय, आपल्याच गुऱ्हाळातल्या गुळाचा. तू अजून सरकारी रेकॉर्डवर हौशी खेळाडू असलास तर विचार करून खा. धुळा लाजाळू आहे, त्याला दोनदा जेव म्हण, पण दूध देऊ नकोस.

ता. क. धुळ्याला मी आणखी एक काम सांगितलंय. परतीला त्यानं एकट्यानं यायचं नाही. दादा, उंब्रजचा अर्जुना मागच्या महिन्यात रजेवर आला होता, तुझ्याच स्टोअरात असतो म्हणाला. कराडच्या स्टँडवर त्यानं मला सगळं सांगितलं. तुझा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, आणि रजा तर तू मागतच नाहीस. मी कुणाला बोललो नाही. त्या दिवसापासनं मला जबलपूरला यायचं होतं ते एवढंच म्हणायला, की पड रानात अजून पोरं खेळतात, बाभळीच्या नव्या फाट्या रोवल्यात, आणि आपल्याला गोलकीपर नाही. धुळा तर जतचा. पाय दुखतोय तर गोलमध्ये उभा राहा. खेळ सोडून बाहेर राहायचं नाही, हे तूच सांगितलंयस.

ता. क. पाकीट चिकटवताना राहिलेलं लिहितो. मी म्हैस घेऊन घरी गेलो तेव्हा थोरल्या आईनं गवंडी बोलावला होता. ओट्याच्या उंच पायऱ्या तिनं फोडून घेतल्या आणि तिथं सपाट उतार करून घेतला, कडेला धरायला लाकडाचा दांडासुद्धा. गावाला सांगते, आकारामची नवी म्हैस जड आहे, तिला चढायला बरं पडावं म्हणून केलं. बिजली तर मागच्या दारानं गोठ्यात जाते, दादा. पुढच्या दारानं आपल्या घरात कधी म्हैस आलीय का?